हद्दीवरचा कारभार

२०११ सालचा पावसाळा सरला त्या सुमारास आमच्या कचेरीत एका निवृत्त शिक्षकांचे हाताने लिहिलेले पत्र आले. मुलाकडे मुंबईला आणि स्वतःच्या घरी पुण्याला अशी त्यांची महिन्यातून दोनदा ये-जा असे. त्यांची तक्रार अशी होती, की संध्याकाळची डेक्कन क्वीन कर्जत सोडून घाट चढू लागली म्हणजे ठाकूरवाडीच्या पुढे एका ठरावीक बोगद्यातून बाहेर पडताच त्यांचा फोन हटकून तुटतो. मात्र सकाळी त्याच गाडीने, त्याच घाटातून, मुंबईकडे उतरताना तो कधीही तुटत नाही. मोबाइल जाळ्यांच्या आखणीचे काम मी तोवर चौदा वर्षे केलेले होते. घाट, बोगदे, दाट झाडी, पाऊस ही सारी कारणे माझ्या तोंडी तयार होती. आणि मी त्या पत्रावर ‘भौगोलिक अडचण’ असा शेरा लिहून ते दप्तरदाखल केले. तो शेरा चुकीचा होता. डोंगर जसा चढणाऱ्याला आडवा येतो तसाच उतरणाऱ्यालाही येतो, इतका साधा विचार मी केला नव्हता, आणि पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांनी तो केला होता.

महिन्याभराने त्यांचे दुसरे पत्र आले. त्यात त्यांनी पाच प्रवासांच्या तारखा, फोन तुटल्याची वेळ आणि त्या बोगद्याचा क्रमांक असा तपशील तक्त्यात आखून पाठवला होता. तेव्हा मात्र मला स्वतः जावेसे वाटले.

या धंद्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी येथे थोडा खुलासा करणे इष्ट होईल. मोबाइलचे जाळे म्हणजे लहान लहान हद्दींचा एक मुलूखच असतो. प्रत्येक हद्दीत एका टॉवरचा अंमल चालतो, आणि बोलता बोलता माणूस पुढे सरकला म्हणजे त्याचे संभाषण एका अंमलातून दुसऱ्या अंमलाच्या हवाली करावे लागते. षट्कोनी क्षेत्रांची ही कल्पना बेल प्रयोगशाळेतील डी. एच. रिंग यांनी १९४७ साली एका टिपणात मांडली होती, आणि चालू संभाषण न तोडता एका क्षेत्रातून दुसऱ्यात सोपवण्याच्या योजनेचे एकस्व एमोस जोएल यांना १९७२ साली मिळाले. आमच्या बोलण्यात या क्रियेला ‘हँडओव्हर’ म्हणतात, आणि तिची रीत सरकारी बदलीहून फारशी निराळी नाही: जुन्या ठाण्याने नव्या ठाण्याकडे मागणी करावयाची, नव्याने जागा राखून तसे कळवावयाचे, मग फोनला निघण्याचा हुकूम मिळावयाचा, फोनने नव्या ठिकाणी रुजू होऊन दाखला द्यावयाचा, आणि तो दाखला पोचल्यावरच जुन्या ठाण्याने आपली राखलेली जागा मोकळी करावयाची. एवढा सारा व्यवहार डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उरकतो, म्हणून बोलणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नसते. मात्र हा क्रम सुरू होण्यास एक पूर्वअट असते. फोन आपल्या भोवतालच्या सगळ्या टॉवरांचे मोजमाप घेत नाही. ज्या ठाण्यात तो असेल त्या ठाण्याने ‘हे तुझे शेजारी’ म्हणून जी यादी दिलेली असते, तेवढ्यांचेच तो घेतो, आणि टूजीच्या पद्धतीत त्यांपैकी उत्तम अशा सहांचा अहवाल सेकंदाला दोनदा, काटेकोर सांगावयाचे तर दर ४८० मिलिसेकंदांनी, वर पाठवतो. शेजाऱ्याचे नाव यादीत नसेल तर तो कितीही जवळ आणि कितीही प्रबळ असला तरी फोनच्या लेखी तो नसतोच.

मी आणि माझा एक तरुण सहकारी असे आम्ही दोघे त्या गाडीने सात फेऱ्या केल्या. मांडीवर लॅपटॉप, त्याला जोडलेले दोन चाचणीचे फोन, खिडकीच्या गजाला चिकटपट्टीने बांधलेला जीपीएसचा अँटेना आणि हातात वही, असा आमचा सरंजाम असे. बोगद्यात जीपीएस आंधळा होतो, म्हणून बोगद्यांचे क्रमांक आणि वेळा वहीत टिपणे भाग होते. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली जात, सदतीसास एक या चढावर गाडी रेटत ती आम्हांला वर नेत, आणि आमच्या पडद्यावर एका आकड्याचा उतार सुरू होई. तिसऱ्या फेरीत उलगडा झाला. त्या बोगद्यातून बाहेर पडताच घाटमाथ्यावरचा टॉवर, केवळ ऐकण्याच्या कामावर लावलेल्या दुसऱ्या यंत्रात, अगदी ठणठणीत दिसत होता. आणि ज्या फोनवर संभाषण चालू होते तो फोन घाटाखालच्या टॉवरचा क्षीण होत चाललेला आवाज धरून बसला होता, कारण खालच्या टॉवरने त्याला दिलेल्या शेजाऱ्यांच्या यादीत वरच्या टॉवरचे नावच नव्हते. वरच्याच्या यादीत खालचा होता. म्हणून उतरताना फोन सुखरूप हवाली होई आणि चढताना तुटे.

कारण शोधता असे निघाले, की घाटाखालची ठाणी आमच्या एका विभागाच्या ताब्यात होती आणि घाटावरची दुसऱ्या. वर्षापूर्वी वरच्या विभागाने आपल्या लहरींची फेरमांडणी केली, तेव्हा त्या टॉवरची लहर आणि ओळखअंक बदलले. त्याची नोंद त्यांच्या दप्तरी झाली, पण खालच्या विभागाच्या यंत्रात त्या टॉवरची जी नक्कल ठेवलेली असते ती जुनीच राहिली, आणि पुढे कोणीतरी ती निरुपयोगी म्हणून काढून टाकली. दोन्ही विभागांतील माणसे कामसू होती आणि आपापल्या हद्दीत दोघांचाही कारभार चोख होता. चूक दुरुस्त करण्यास पाच मिनिटे लागली, आणि ती पाच मिनिटे मिळवण्यासाठी दोन आठवडे पत्रव्यवहार करावा लागला. पुढे फोरजीच्या पद्धतीत, यादीत नसलेला टॉवर आढळल्यास फोनने त्याचा ओळखअंक वाचून कळवावा आणि यादी आपोआप वाढावी, अशी तजवीज झाली. ती ज्यांनी योजिली त्यांनीही असे घाट पाहिले असले पाहिजेत असे मला नेहमी वाटते.

त्या शिक्षकांना मी आभाराचे पत्र लिहिले आणि माझ्या पहिल्या शेऱ्याबद्दल क्षमाही मागितली. माझ्या कामाकडे पाहण्याची माझी दृष्टी त्या दिवसापासून बदलली. तोवर मी क्षेत्राच्या मध्यभागाचा विचार करी: टॉवर किती उंच, शक्ती किती, किती माणसे एकाच वेळी बोलू शकतील. त्यानंतर मी नकाशा हाती घेतला म्हणजे प्रथम सीमारेषा पाहू लागलो आणि त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना कोणाची सही आहे ते विचारू लागलो.

हद्द नेहमी शक्तीनेच ठरते असेही नाही. रत्नागिरीकडच्या मच्छीमारांनी मला एकदा सांगितले होते, की खोल समुद्रात गेल्यावर फोनवर पट्ट्या दिसतात पण फोन लागत नाही. ते म्हणत होते ते अक्षरशः खरे होते. टूजीत प्रत्येक फोनला बोलण्यासाठी कालाचा एक अतिसूक्ष्म तुकडा वाटून दिलेला असतो, आणि दूरच्या फोनचा आवाज उशिरा पोचतो म्हणून त्याला तितके आधी बोलण्यास सांगतात. ही सवलत ६३ पायऱ्यांवर संपते आणि त्या पायऱ्या सुमारे ३५ किलोमीटरांवर. कड्यावरच्या उंच टॉवरचा आवाज त्यापलीकडे होडीपर्यंत पोचे, पण होडीतून निघालेला आवाज आपल्या वेळेच्या चौकटीत बसत नसे. कालाचे दोन दोन तुकडे एकत्र जोडून ही मर्यादा वाढवता येते, मात्र मग एकाच वेळी बोलू शकणाऱ्यांची संख्या निम्मी होते; आम्ही ते पत्करले.

आतापर्यंत सांगितले ते एकाच जातीच्या जाळ्यातील हस्तांतरण झाले. याहून अवघड ते भिन्न जातींच्या जाळ्यांमधले, आणि माझ्या आयुष्याची उत्तरार्धातील वर्षे त्यातच गेली. थ्रीजी आल्यावर शहरे नव्या जाळ्याखाली आली आणि घाट जुन्याखाली राहिले. थ्रीजीच्या लहरींवर बोलत असलेल्या फोनला टूजीचे टॉवर ऐकता यावेत म्हणून त्याच्या संभाषणात क्षणक्षणाच्या फटी पाडाव्या लागतात, त्या फटींतून तो पलीकडे कान देतो, टॉवरची ओळख पटवतो आणि मग अहवाल पाठवतो. या सर्वास काही सेकंदांचा अवधी लागतो, आणि बोगद्याचे तोंड तेवढा अवधी देत नाही. आवाज पडू लागल्यावर जागे व्हावयाचे हा नियम सपाट प्रदेशात पुरतो; घाटात तो पुरत नाही, असे ध्यानात आल्यावर आम्ही बोगद्याच्या आधीच्या ठाण्यांचे उंबरठे मुद्दाम वर चढवले, जेणेकरून फोनने थ्रीजीचा आवाज अजून चांगला असतानाच तो सोडावा. आकडेवारीच्या बैठकीत याला पुष्कळ विरोध झाला, कारण चांगले जाळे असताना माणसाला जुन्यावर ढकलल्यासारखे ते दिसत होते. मी वादात फारसा टिकलो नाही, पण चाचणी टिकली.

इंटरनेटचा प्रश्न तर मुळापासून निराळा. दूरध्वनीच्या जाळ्यात माणसाची ओळख आणि त्याचा ठावठिकाणा या दोन गोष्टी पहिल्यापासून अलग ठेवलेल्या आहेत: मूळ गावची एक नोंदवही असते, मुक्कामाच्या गावची पाहुण्यांची नोंदवही असते, आणि माणूस कोठेही गेला तरी त्याचा क्रमांक तोच राहतो. इंटरनेटच्या पत्त्यात मात्र या दोन्ही गोष्टी एकत्र शिजवलेल्या आहेत; पत्ता हेच नाव आणि पत्ता हीच जागा, त्यामुळे जागा बदलली की नावही जाते, आणि त्या नावाने चाललेला व्यवहार तुटतो. यावर तोड म्हणून चार्ल्स पर्किन्स यांच्या संपादनाखाली १९९६ साली ‘मोबाइल आयपी’चा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यातील युक्ती आपल्या चाळीतल्या पत्रव्यवहाराची आहे. गावी पत्र आले की घरचा विश्वासू माणूस ते नव्या पाकिटात घालतो, वर ‘अमुकांच्या मार्फत’ असा पत्ता घालतो आणि पुढे रवाना करतो. २००३ च्या सुमारास आम्ही प्रयोगशाळेत ही पद्धत उभारली, तेव्हा मी इतका आनंदलो होतो की तिचा दोष दिसण्यास मला महिने लागले: एकाच टेबलाशी बसलेल्या दोन यंत्रांचे बोलणे शेकडो मैलांवरच्या ‘घरी’ जाऊन परत येत होते. एका दिशेच्या विलंबाची १५० मिलिसेकंदांची जी मर्यादा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने सुखकर संभाषणासाठी सुचवली आहे, तिच्यातील मोठा वाटा हा हेलपाटाच खाऊन टाकी.

तरीही त्या विश्वासू मध्यस्थाची कल्पना मला सोडवली नाही, आणि माझ्या कारकीर्दीतील सर्वांत मोठी चूक तीतूनच झाली. काही वर्षांनी एका कंपनीसाठी मी जी रचना आखली तिच्यात सगळ्या जाळ्यांचा प्रवाह एका मध्यवर्ती यंत्रातून जाई. वायफाय असो की मोबाइल, माणूस कोठेही सरकला तरी त्याचा दोर त्या एका खुंटीला बांधलेला असे. आराखडा कागदावर सुबक दिसे, आणि मी त्याच्या सुबकपणावर विश्वासलो. एका रात्री ती खुंटीच उपटली. जोडीला ठेवलेले राखीव यंत्र सुरू झाले, पण चालू संभाषणांची नोंद त्याच्याकडे पोचलेली नव्हती. तेव्हा एका फोनने हद्द ओलांडताना जे व्हावयाचे ते एका संपूर्ण प्रदेशातील फोनांना एकाच क्षणी झाले. हद्दीवरचा धोका मी नाहीसा केला नव्हता, एका जागी गोळा करून ठेवला होता. पहाटे चार वाजता ही गोष्ट मी वरिष्ठांना याच शब्दांत सांगितली.

२०१९ च्या अखेरीस आपल्याकडे वायफायवरून साधा फोन करण्याची सोय सुरू झाली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात मला बोलावणे आले. वॉर्डांतून वायफाय उत्तम होते, बाहेर मोबाइलचे जाळेही उत्तम होते, आणि रुग्णाला स्ट्रेचरवरून शस्त्रक्रियागृहाकडे नेताना डॉक्टरांशी चाललेले बोलणे लिफ्टपाशी तुटत होते. या दोन जाळ्यांत एक मूलभूत मतभेद आहे, तो येथे नमूद केला पाहिजे. मोबाइलच्या जाळ्यात केव्हा हलावयाचे याचा हुकूम जाळे देते. वायफायमध्ये तो निर्णय फोन स्वतः घेतो, आणि बहुतेक फोन एकदा धरलेले वायफाय सोडण्यास अखेरपर्यंत तयार नसतात. दोन सत्तांच्या सीमेवर निर्णय कोणाचा हे ठरलेले नसेल तर तो कोणीच घेत नाही, आणि मग लिफ्टचे पोलादी दार बंद होऊन तो प्रश्न निकालात काढते.

पहिल्या दिवशी मी यंत्रे लावून मोजमाप करीत असता तेथील एक मावशी, स्ट्रेचर ढकलत असताना, लिफ्टच्या अलीकडे थांबल्या, फोनवरचे बोलणे पुरे केले आणि मग पुढे गेल्या. परत येताना मी त्यांना कारण विचारले.

“तिसऱ्या फरशीच्या पुढे आवाज जातो, दादा,” त्या म्हणाल्या. “म्हणून इथंच बोलून घेते. नव्या पोरींनाही तसंच सांगून ठेवलंय.”

मी ती फरशी मोजली. लिफ्टच्या दारापासून तिसरी, दोन फूट लांबीची; आणि माझ्या यंत्रावरही वायफायचा कडा नेमका तेथेच उतरत होता. त्यापुढे मोबाइलचा आवाज हाती लागेपर्यंत जेमतेम दोन मीटरांचा पट्टा होता. साधारण चालीचा माणूस सेकंदाला सव्वा मीटर जातो, स्ट्रेचर ढकलणारा घाईत असतो. म्हणजे निर्णय, ओळख पटवणे आणि हस्तांतरण यांसाठी आमच्या रचनेने पुरते दोन सेकंदही ठेवलेले नव्हते. या सर्वांची भरपाई त्या मावशी, आजारी माणसाला मधेच थांबवून, स्वतःच्या अंगावर घेत होत्या. घाटातले पासवालेही ‘आता बोगदा येईल, लोणावळ्यानंतर करतो’ असे सहजपणे म्हणत, आणि ते ऐकताना मला कधी काही वाटले नव्हते. त्या दिवशी वाटले.

आम्ही लिफ्टच्या पुढच्या मोकळ्या जागेत मोबाइलचे छोटे अँटेने लावून दोन्ही जाळ्यांचा सामाईक पट्टा आठ मीटरांपर्यंत वाढवला, लिफ्टच्या गाभ्यातही एक अँटेना सोडला, आणि लिफ्टजवळच्या वायफाय यंत्रांना अशी ताकीद दिली की आवाज एका मर्यादेखाली गेला की फोनला धरून ठेवू नये. हस्तांतरणात आवाजाचा जो खंड पडतो तो ३०० मिलिसेकंदांच्या आत असावा असा दंडक पूर्वी फोरजीहून जुन्या जाळ्यावर जाणाऱ्या संभाषणासाठी घातला गेला होता; तोच आम्ही येथे लावला. ३०० मिलिसेकंद म्हणजे एखादे जोडाक्षर. मात्र मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘ते इंजेक्शन आता द्यायचे नाही’ या वाक्याचा शेवटचा शब्द खंडात सापडला तर काय होईल, हा प्रश्न त्या रुग्णालयातील एका डॉक्टरीणबाईंनी बैठकीत विचारला, आणि पुढच्या सगळ्या चाचण्यांत आम्ही हेच वाक्य बोलत असू.

या कामातील एक गोष्ट मला आजही खुपते. एखाद्या टॉवरवर बोलणे तुटले तर ते त्या टॉवरच्या खाती पडते. नियामक प्राधिकरणाचा दंडक असा की शंभरांत दोनांहून अधिक तुटू नयेत, आणि त्याचा हिशेब दरमहा होतो. पण रुग्णालयाचे वायफाय सोडताना तुटलेले बोलणे कोणाच्या खाती? मोबाइलवाल्यांच्या दप्तरी तो फोन कधी आलाच नाही, आणि वायफायवाल्यांच्या दप्तरी तो स्वेच्छेने निघून गेला. दोन्ही अहवाल निष्कलंक होते. आम्ही तेथे एक तिसरी नोंदवही घातली, तीत फक्त हद्दीवर तुटलेल्या संभाषणांची नोंद होई, आणि तिच्यावर दोन्ही बाजूंच्या जबाबदार माणसांनी दर सोमवारी सही करावी असे ठरवले. माझ्या साऱ्या आराखड्यांपेक्षा मी या नोंदवहीला अधिक किंमत देतो.

अलीकडे या विद्येने एक निराळे वळण घेतले आहे. एकच प्रवाह एकाच वेळी दोन जाळ्यांवरून वाहता ठेवण्याची रीत २०१३ साली निघाली, आणि २०२१ साली प्रमाणित झालेल्या ‘क्विक’ या पद्धतीत संभाषणाला पत्त्याहून स्वतंत्र असा स्वतःचा क्रमांक दिला आहे. पत्ता बदलला तरी तो क्रमांक दाखवून दोन टोके एकमेकांना ओळखतात, मधल्या विश्वासू माणसाची गरज उरत नाही. नाव आणि जागा यांची जी फारकत दूरध्वनीच्या जाळ्याने आरंभापासून केली होती, तिच्यापर्यंत इंटरनेट असे उशिरा येऊन पोचले. याने माझे आयुष्यभराचे पुष्कळसे काम कालबाह्य होईल, आणि ते व्हावे असे मला मनापासून वाटते. मात्र टोके कितीही शहाणी झाली तरी लिफ्टच्या दारापाशी दोन्ही जाळी एकमेकांवर काही पावले पसरलेली असावी लागतात, आणि ती पावले कोणीतरी स्वतः चालून मोजावी लागतात.

वाचकांपाशी माझे एक मागणे आहे. आपला फोन वारंवार एकाच ठिकाणी तुटत असेल तर तक्रार अवश्य करा, आणि तीत जागा व वेळ यांच्याबरोबर आपण कोणीकडून कोणीकडे चालला होता तेही लिहा. तक्रारीचे जे नमुने मी आजवर पाहिले, त्यांपैकी एकातही दिशेसाठी रकाना नव्हता. तेव्हा ती शेऱ्याच्या जागी लिहा: घाट चढताना, की उतरताना.